वेगमर्यादा, वेगमापन आणि रडार डिटेक्टर : कुर्डुवाडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारगाडीच्या समोरील काचेवर बसविले जाणारे रडार डिटेक्टर हे आकाराने लहान, पण सामाजिकदृष्ट्या अर्थपूर्ण असे यंत्र आहे. पोलिसांच्या वेगमापक रडारमधून निघणाऱ्या लहरी ते टिपते आणि चालकाला आगाऊ सूचना देते. चालकाने तेवढ्यापुरता वेग कमी करावा आणि तपासणीचे ठिकाण मागे पडताच पुन्हा वाढवावा, एवढाच त्याचा व्यावहारिक हेतू असतो. हे यंत्र अमेरिकेत रुजले. महाराष्ट्रात त्याचा प्रसार फारसा झाला नसला तरी ज्या मनोवृत्तीतून ते जन्मले, ती मनोवृत्ती आपल्याही रस्त्यांवर परिचित आहे. पुढे तपासणी चालू असल्याचे समोरून येणाऱ्या ट्रकचालकाने डिपर मारून सुचविणे हा तिचाच देशी आविष्कार होय.

प्रस्तुत निबंधात या यंत्राचा इतिहास सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी या रेल्वे जंक्शनच्या संदर्भात तपासला आहे. वेगाच्या नियमनाच्या दोन स्वतंत्र परंपरा या गावी एकमेकींना छेदतात. एक परंपरा रुळांची, दुसरी रस्त्यांची. या दोहोंची तुलना केल्यास वेगमर्यादा पाळली का जाते आणि का मोडली जाते, या प्रश्नावर काही प्रकाश पडतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) रेल्वे आणि रस्ता या दोन वाहतूकपद्धतींतील वेगनियमनाच्या तत्त्वांची तुलना करणे.
२) वेगमापक रडार व रडार डिटेक्टर यांच्या उदयाची कारणे आणि कार्यपद्धती समजून घेणे.
३) महाराष्ट्रातील आजच्या कायदेशीर व तांत्रिक व्यवस्थेत अशा यंत्राच्या निवडीला कितपत अर्थ उरतो, याचा विचार करणे.

१. कुर्डुवाडी आणि रुळांवरील वेगाची शिस्त

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. त्या मार्गावरील आजचे कुर्डुवाडी स्थानक पूर्वी 'बार्शी रोड' या नावाने ओळखले जाई. बार्शी ही कापसाची मोठी बाजारपेठ, पण मुख्य मार्गापासून दूर. ही उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बार्शी लाईट रेल्वेची उभारणी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा अरुंदमापी मार्ग सुरू झाला. रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच. पुढे हा मार्ग एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत वाढला. १९५४ मध्ये तो शासनाच्या ताब्यात आला आणि २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने त्याचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना ही या इतिहासाची ठळक खूण आहे.

कॅलथ्रॉपच्या आराखड्याचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक आसावरील भार ५ टनांपर्यंत मर्यादित ठेवून त्याने हलक्या रुळांवर अधिक माल वाहून नेण्याची सोय केली. वाहन, त्याचा भार आणि मार्गाची क्षमता यांचा एकत्रित विचार त्यामागे होता. रेल्वेच्या वेगनियमनाचेही मूळ तत्त्व हेच आहे. पूल जुना असेल, रुळांखालची खडी नव्याने भरली असेल, वळण तीव्र असेल, तर त्या ठिकाणापुरती गती कमी केली जाते. असा तात्पुरता निर्बंध चालकाला 'सतर्कता आदेशा'द्वारे लेखी कळविला जातो. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, किती गतीने आणि कोणत्या कारणासाठी, हे त्यात नमूद असते. चालक व गार्ड यांची पोच घेतली जाते. प्रत्यक्ष मार्गावर निर्बंधाच्या पुरेसे आधी इशारा देणारा फलक, मग गतीचा आकडा दाखविणारा फलक आणि शेवटी निर्बंध संपल्याचा फलक, असा क्रम असतो.

या पद्धतीत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मर्यादा आगाऊ सांगितली जाते, तिचे कारण सांगितले जाते आणि ती कोठे संपते तेही सांगितले जाते. रेल्वेतही नियमभंग होतो व त्याला शिक्षाही आहे. तथापि मर्यादा ही मार्गाच्या स्थितीतून उद्भवली आहे आणि ती मोडल्यास प्रथम आपलीच गाडी घसरेल, ही जाणीव चालकाच्या ठायी असते. तपासनीस कोठे उभा आहे हे ओळखणारे यंत्र घेऊन त्याला पुलाचा कमकुवतपणा टाळता येत नाही.

२. रस्त्यावरील वेग आणि पुराव्याचा प्रश्न

रस्त्यांवरील वेगनियमनाची सुरुवात वेगळ्या वातावरणात झाली. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा घातली होती. १८९६ मध्ये ती १४ मैलांपर्यंत आणि १९०३ च्या मोटार कायद्याने २० मैलांपर्यंत वाढविण्यात आली. ही मर्यादा संपूर्ण देशासाठी सरसकट होती. रिकाम्या माळरानावरील रस्ता आणि गजबजलेली पेठ यांत ती फारसा भेद करीत नसे. पोलीस झुडपाआड लपून दोन खुणांमधील अंतर आणि घड्याळातील वेळ यांवरून वेग काढीत. मोटारमालकांना हा सापळा वाटे. त्यावर उपाय म्हणून १९०५ मध्ये ऑटोमोबाईल असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. तिचे सायकलस्वार पहारेकरी पुढील सापळ्याची सूचना सभासदांना देत असत.

रडारचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचा हा 'मानवी डिटेक्टर' न्यायालयातही पोहोचला. १९०७ च्या एका निवाड्यात, सूचना दिली त्या वेळी वाहने मर्यादेबाहेर धावत होती हे सिद्ध न झाल्याने सूचना देणाऱ्यास दोषी धरले गेले नाही. परंतु १९०९-१० च्या 'बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स' या खटल्यात, आधीच वेगमर्यादा ओलांडलेल्या चालकांना सावध करून पुरावा नष्ट होऊ देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असे न्यायालयाने ठरविले. त्यानंतर संघटनेने युक्ती बदलली. पहारेकरी सभासदांना नेहमी सलाम करी. त्याने सलाम केला नाही तर थांबून कारण विचारावे, असे सभासदांना सांगण्यात आले. सूचना न देणे हीच सूचना ठरली. या दोन निवाड्यांतील भेद आजही मननीय आहे. अपराध घडू नये म्हणून दिलेली सूचना आणि घडत असलेला अपराध झाकण्यासाठी दिलेली सूचना, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भारतात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने देशपातळीवरील नियमनाचा पाया घातला. १९३९ च्या कायद्याने त्याला विस्तृत रूप दिले आणि १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. १९८८ च्या कायद्यातील दोन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कलम ११२ नुसार राज्य शासनाला विशिष्ट रस्त्यासाठी किंवा पुलासाठी वेगळी मर्यादा घालता येते. परंतु त्यासाठी राजपत्रातील अधिसूचनेबरोबरच योग्य ठिकाणी वाहतूकचिन्हे उभारणे अपेक्षित आहे. कलम १८३ मध्ये अतिवेगाबद्दलची शिक्षा असून, केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून कोणासही दोषी ठरविता येणार नाही, तो अंदाज यांत्रिक साधनाच्या आधारे काढलेला असला पाहिजे, अशी त्यात अट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक साधनाचाही समावेश झाला. म्हणजेच मर्यादा जाहीर असावी आणि मोजमाप विश्वसनीय असावे, ही दोन्ही तत्त्वे कायद्याने मान्य केलेली आहेत. प्रश्न आहे तो ती रस्त्यावर कितपत उतरतात हा.

३. वेगमापक रडार आणि त्याचा मागोवा घेणारे यंत्र

ध्वनी वा प्रकाश यांचा स्रोत जवळ येत असता त्याची वारंवारता वाढल्यासारखी भासते, हा सिद्धान्त ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ मध्ये मांडला. रेल्वे फाटकाजवळ उभे राहून गाडीची शिट्टी ऐकणाऱ्यास त्याचा अनुभव सहज येतो. गाडी येताना शिट्टी चढ्या स्वरात आणि पुढे निघून गेल्यावर उतरत्या स्वरात ऐकू येते. पोलिसांचे रडार याच तत्त्वावर चालते. २४.१५ गिगाहर्ट्झ वारंवारतेची लहर ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या गाडीवर आदळून परतते, तेव्हा तिच्या वारंवारतेत सुमारे ४,४७० हर्ट्झची वाढ होते. ही वाढ मोजली की वेग समजतो.

दुसऱ्या महायुद्धात रडारचा विकास वेगाने झाला. त्यानंतर अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात १९४७ मध्ये रस्त्यावरील वाहनांचा वेग मोजण्यासाठी त्याचा उपयोग करून पाहण्यात आला आणि पुढील काळात तो पोलिसांच्या हाती रूढ झाला. डिटेक्टरचा खरा प्रसार मात्र १९७० च्या दशकातला आहे. तेलसंकटामुळे जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने संपूर्ण देशासाठी ताशी ५५ मैल ही मर्यादा स्वीकारली. ती इंधन वाचविण्यासाठी होती. ज्या महामार्गांची रचनाच अधिक वेगासाठी झाली होती, तेथे ती चालकांना अनाकलनीय वाटली. याच काळात 'फझबस्टर' या नावाचा डिटेक्टर लोकप्रिय झाला आणि १९७८ मध्ये 'एस्कॉर्ट' हा अधिक संवेदनक्षम डिटेक्टर बाजारात आला. राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली, पण यंत्राची सवय उरली. मार्गाच्या स्थितीशी नाते न सांगणारी मर्यादा आणि ती चुकविणारे यंत्र यांचा उदय एकाच वेळी व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

रडारच्या विश्वासार्हतेबद्दलही त्याच वेळी शंका उपस्थित झाल्या. फ्लोरिडातील मियामी येथे १९७९ मध्ये एका प्रात्यक्षिकात रडारने एका झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा वेग २८ मैल दाखविल्याचे प्रकरण गाजले, आणि तेथील न्यायालयाने रडारचा पुरावा नाकारला. सदोष यंत्र, अप्रशिक्षित हाताळणी आणि आजूबाजूच्या लहरींचा गोंधळ या कारणांनी असे घडू शकते. त्यातून यंत्रांच्या नियमित प्रमाणीकरणाची गरज अधोरेखित झाली.

४. डिटेक्टरची निवड व जोडणी : उपयोग आणि मर्यादा

हे यंत्र रडारच्या आधी सूचना देऊ शकते, याचे कारण साधे आहे. रडारला आपली लहर गाडीपर्यंत जाऊन परत यावी लागते आणि या दुहेरी प्रवासात तिची शक्ती अतिशय क्षीण होते. डिटेक्टरला मात्र एकेरी प्रवासातील लहर पुरते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर तो दुरूनच जागा होतो.

निवड करताना प्रामुख्याने तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, यंत्र कोणते पट्टे ओळखते. वेगमापक रडारसाठी १०.५२५ गिगाहर्ट्झचा एक्स, २४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा के आणि ३३ ते ३६ गिगाहर्ट्झच्या दरम्यानचा केए हे पट्टे वापरात आलेले आहेत. ज्या देशात जो पट्टा वापरला जातो, त्यासाठीच यंत्र उपयोगी. दुसरी गोष्ट म्हणजे संवेदनक्षमता आणि विवेक यांचा समतोल. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे, तसेच आधुनिक मोटारींतील बाजूची वाहने ओळखणारे रडार याच पट्ट्यांत लहरी सोडतात. केवळ संवेदनक्षम यंत्र शहरात सतत खोटे इशारे देत राहते आणि चालक लवकरच त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. तिसरी गोष्ट लेझर ओळखण्याच्या सोयीची.

जोडणीचे नियमही ठरलेले आहेत. यंत्र समोरच्या काचेवर मध्यभागी, रस्त्याला समांतर आणि शक्यतो उंचावर बसवावे. वायपर, धातुमिश्रित काच किंवा गडद पट्टी त्याच्या दृष्टीआड येऊ नये. चालकाची नजर अडू नये आणि अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या मार्गात ते येऊ नये. विजेची तार पायाजवळ लोंबकळत न ठेवता काचेच्या कडेने नेऊन फ्यूज असलेल्या जोडणीस लावावी.

एवढे करूनही यंत्राच्या मर्यादा संपत नाहीत. पोलीस कर्मचारी रडार सतत चालू न ठेवता लक्ष्य समोर येताच क्षणभर चालू करतो, तेव्हा सूचना मिळेपर्यंत मोजमाप झालेले असते. लेझर गनचा झोत ३०० मीटर अंतरावर जेमतेम एक मीटर रुंद असतो. तो आपल्याच गाडीवर पडल्याशिवाय डिटेक्टरला कळत नाही, आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. दोन कॅमेऱ्यांमधील अंतर व वेळ यांवरून सरासरी वेग काढणाऱ्या पद्धतीपुढे तर तो पूर्णतः निरुपयोगी ठरतो. विशेष म्हणजे ही पद्धत १९०५ च्या झुडपाआडच्या घड्याळाचीच सुधारित आवृत्ती आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही निवड सरळ नाही. अमेरिकेतही व्हर्जिनिया राज्यात असा डिटेक्टर वापरण्यास मनाई आहे. भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण बाळगण्यास बंदी घातली होती, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगणे ही गोष्ट शासकीय अनुमतीच्या कक्षेत ठेवली आहे. परदेशातून असे यंत्र आणू पाहणाऱ्याने याचा विचार आधी करणे आवश्यक आहे.

५. महाराष्ट्रातील बदललेली व्यवस्था

केंद्र शासनाने एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेगमर्यादा नव्याने अधिसूचित केल्या. त्यानुसार मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी वा अधिक पदरी रस्त्यावर १००, तर नगरपालिका हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर अशी मर्यादा आहे. स्थानिक परिस्थितीनुसार ती कमी करता येते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगसूचक यंत्रणा सक्तीची झाली. ताशी ८० किलोमीटरनंतर ती अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजते. डिटेक्टर 'पुढे पोलीस आहे' असे सांगतो. ही यंत्रणा 'तुमचा वेग वाढला आहे' असे सांगते. दोन्ही यंत्रे आवाजच करतात, पण त्यांचे संबोधन भिन्न आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम समाविष्ट झाला. इलेक्ट्रॉनिक साधनांनी देखरेख करावयाच्या शहरांच्या त्यातील यादीत सोलापूरचाही अंतर्भाव आहे. साधनाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, देखरेखीखालील टप्प्याच्या आधी ठळक सूचनाफलक असावा आणि अपराधाची नोटीस १५ दिवसांत पाठविली जावी, असे हा नियम सांगतो. २०२४ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा कार्यान्वित झाली. १ जुलै २०२५ पासून वेगमापक रडारची वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी व मुद्रांकन आवश्यक झाले आहे. धान्य बाजारातील तराजूला जो न्याय, तोच आता रडारला लागू झाला, असे म्हणता येईल.

या तरतुदी एकत्र वाचल्या तर एक परिवर्तन लक्षात येते. लपून पकडण्याकडून जाहीरपणे सावध करण्याकडे कायद्याचा प्रवास झाला आहे. जे काम डिटेक्टर चोरून करीत असे, ते आता शासनाच्या फलकाने उघडपणे करावे असे नियमच सांगतो.

६. कुर्डुवाडी परिसरातील वेगाचा खरा प्रश्न

पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग कुर्डुवाडीतून जात नाही. तो टेंभुर्णीवरून जातो. टेंभुर्णीहून कुर्डुवाडीमार्गे बार्शीकडे जाणारा रस्ता या महामार्गाला मराठवाड्याशी जोडतो. महामार्गावर दुभाजक आणि रुंद मार्गिका यांमुळे चालकाला वेगाची सवय जडते. तीच सवय घेऊन तो आतल्या रस्त्यावर उतरतो, आणि तेथे वाहतुकीचे स्वरूप पूर्णतः बदललेले असते.

उजनी धरणाच्या पाण्याने माढा तालुक्यात ऊस वाढला. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात. अनेकदा त्यांच्या मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसते. आषाढी-कार्तिकीच्या काळात पंढरपूरकडे निघालेल्या पायी दिंड्या पहाटेपासून चालू लागतात. बाजारच्या दिवशी रस्त्याची कडा हीच पेठ बनते. अशा रस्त्यावर ताशी ७० किलोमीटर ही कायदेशीर कमाल मर्यादाही अनेक ठिकाणी घातक ठरू शकते. ताशी ७० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १९ मीटर अंतर कापते. अंधारात पुढची ट्रॉली दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात जवळपास २९ मीटर मागे पडलेले असतात. विनादिव्याची ट्रॉली कोणतीही लहर सोडत नाही. वारकऱ्याच्या खांद्यावरील पताकेचा इशारा कोणत्याही पट्ट्यावर मिळत नाही. ज्या धोक्यासाठी वेगमर्यादा असते, त्या धोक्याबाबत रडार डिटेक्टर मूक असतो.

रस्त्यावरील फलक आकडा सांगतो, कारण क्वचितच सांगतो. 'पुढे ऊस वाहतूक', 'दिंडी मार्ग', 'अरुंद पूल' असे कारण आकड्याबरोबर दिले, आणि निर्बंध कोठे संपतो तेही दाखविले, तर ती रेल्वेच्या सतर्कता आदेशाचीच पद्धत रस्त्यावर आणल्यासारखे होईल. हंगामानुसार लावता-काढता येणारे फलक, ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्यांची काटेकोर सक्ती आणि दिंडीच्या दिवसांपुरती अधिसूचित मर्यादा, या गोष्टी अस्तित्वातील कायद्याच्या चौकटीत शक्य आहेत.

निष्कर्ष

१) रडार डिटेक्टर हे जेथे मर्यादा सरसकट, तिचे कारण अज्ञात आणि मोजमाप गुप्त असते, अशा परिस्थितीचे अपत्य आहे. १९०५ चे इंग्लंड आणि १९७४ ची अमेरिका ही त्याची उदाहरणे होत.

२) निवड व जोडणी कितीही काळजीपूर्वक केली तरी क्षणिक रडार, लेझर आणि सरासरी वेगमापन यांपुढे या यंत्राची उपयुक्तता झपाट्याने कमी झाली आहे. आपल्याकडे कायद्याची जोखीम अधिक आहे ती वेगळीच.

३) १९८८ चा कायदा, २०२१ चा नियम आणि २०२५ पासूनची पडताळणी यांनी जाहीर सूचना व प्रमाणित मोजमाप ही तत्त्वे स्वीकारली आहेत. फलक प्रत्यक्षात उभे राहिले नाहीत, तर मात्र चालकांचा 'सापळ्या'चा समज दृढ होईल आणि कायद्याचे नैतिक बळ क्षीण होईल. म्हणून फलक उभारणे हे शासनाचे दंडवसुलीआधीचे कर्तव्य ठरते.

४) मोटारचालकाने यंत्र निवडावयाचेच असेल तर स्वतःचा वेग सांगणारे निवडावे. गाडीतील वेगसूचक, त्या रस्त्याच्या मर्यादेनुसार लावलेला इशारा आणि स्वच्छ काच व दिवे यांचा उपयोग प्रत्येक किलोमीटरला होतो.

कुर्डुवाडीच्या रुळांनी सव्वाशेहून अधिक वर्षे जे शिकविले ते थोडक्यात असे की, मर्यादा मार्गाच्या प्रकृतीतून येते आणि ती चालकाला आधी सांगावयाची असते. रस्त्यांच्या कारभाराने हा धडा कागदावर स्वीकारला आहे. तो टेंभुर्णी–बार्शी रस्त्याच्या कडेला प्रत्यक्ष दिसू लागणे, ही पुढील पायरी आहे.